नदीकाठचा विनंती थांबा

आमच्या घरमालकांना तीस वर्षांत एक नदी ओलांडता आली नाही. ही नदी म्हणजे तापी नव्हे. तापी त्यांनी प्रकाशा गावच्या पुलावरून किती वेळा ओलांडली याची गणतीच नाही, कारण ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते आणि शहाद्याच्या बसस्थानकावरच निवृत्त झाले. जी नदी त्यांना अडवून बसली होती ती चौदा इंची पडद्यावर होती, हिरव्या अक्षरांची. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षे भाडेकरू म्हणून राहिलो. त्यातला शेवटचा आठवडा आठवला की आजही मला खुर्चीत नीट बसवत नाही.

मी भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक आहे. मोजणी हे माझे काम, आणि खरे सांगायचे तर स्वभावही. खोल्या पाहायला गेलो तेव्हा आप्पांनी (त्यांना सगळा मोहल्ला आप्पाच म्हणायचा) नाव, गाव, पगार काहीच विचारले नाही.

"कोनती गाडीवर उना?"

"तळोद्याहून. साडेनऊच्या."

"नऊ अठ्ठावीस," ते म्हणाले. "साडेनऊ पब्लिक म्हनस."

मी घड्याळात पाहिले होते. गाडी नऊ अठ्ठावीसलाच सुटली होती. मी तिथेच खोल्या पक्क्या केल्या. दोन मिनिटांचा फरक सोडत नाही तो माणूस नळाच्या पाण्याचीही वेळ पाळेल, एवढा साधा हिशोब. तो बरोबर निघाला.

आप्पांचे सगळे घर वेळापत्रकावर चाले. चहा 'सुटे', जेवण 'लागे'. पाहुणा जास्त वेळ बसला की ते म्हणत, "यासनी मुक्कामी गाडी दिसस." उंची पाच फूट दोन इंच, आवाज मात्र तीन फलाटांना पुरेल असा. स्थानकावरचा ध्वनिक्षेपक बंद पडला तरी त्यांच्या काळात कोणाची गाडी चुकली नाही, असे म्हणतात. मावशी, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरात असली आणि आप्पांना चहा हवा असला, तर ते ओसरीवरून शांतपणे घोषणा करत, "फलाट क्रमांक एकवर चहा अजून लागलेला नाही." आतून उत्तर येई, "गाडी रद्द."

आणि रोज चार वाजता ते कॉम्प्युटर उघडत. उघडत म्हणजे अक्षरशः, कारण त्यावर मावशींनी शिवलेली गोधडी असे. पूर्वी बसस्थानकाजवळ एक कॉम्प्युटर क्लास होता. तो बंद पडला तेव्हा चालवणाऱ्याने जुने मशीन आप्पांना देऊन टाकले, आणि सोबत दोन फ्लॉप्या. त्यांवर एक खेळ होता. बहुधा अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद सालचा.

आजच्या मुलांना तो खेळ वाटणारही नाही. चित्र नाही, आवाज नाही, गोळीबार नाही. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी येतात: तुम्ही एका पडक्या चौकीत आहात, हातात कंदील आहे, उत्तरेला वाट जाते. खाली एक ठिपका लुकलुकतो आणि तुम्ही काय म्हणता याची वाट पाहतो. तुम्ही इंग्रजीत दोन शब्द टाइप करायचे. 'गो नॉर्थ.' 'टेक रोप.' शब्द त्याला कळला तर गोष्ट पुढे सरकते, नाही कळला तर तो नम्रपणे म्हणतो, हा शब्द मला माहीत नाही. योग्य काम केले की गुण मिळतात, एकूण अडीचशे. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा 'ह्यात काय आहे' असे म्हणून उभाच राहिलो. बसलो तेव्हा सव्वापाच झाले होते. दोन शब्द टाकायचे आणि पुढच्या क्षणी आपण विहिरीच्या तळाशी असायचे! मी इतक्या जमिनी मोजल्या, पण कोणत्याही शिवारात पाऊल टाकताना छाती अशी धडधडली नव्हती.

आप्पांनी त्या खेळाचा नकाशा केला होता, एसटीच्या पद्धतीने. प्रत्येक जागा म्हणजे थांबा, त्याला क्रमांक. चौकी, विहीर, पडका बाजार, एका म्हातारीची झोपडी, जंगल, नदी. एकूण सव्वीस थांबे. काही थांब्यांपुढे बारीक अक्षरात 'वि.थां.' लिहिलेले, म्हणजे विनंती थांबा. रस्त्यावरच्या पाटीवर असते ना, हात केला तरच गाडी उभी राहते ते. नदीपुढेही त्यांनी 'वि.थां.' लिहिले होते.

जंगलावरून आमचे पहिले भांडण झाले. तिथे सहा जागा अशा होत्या की सगळ्यांचे वर्णन सारखेच. केळीच्या बागेत शिरल्यावर जसे चारी बाजूंनी सारखेच दिसते, तसे. आणि उत्तरेला जाऊन लगेच दक्षिणेला आलो तर आपण मूळ जागी येत नव्हतो.

"आप्पा, हे चूक आहे. मोजणी बंद झाली पाहिजे, म्हणजे निघालो तिथेच येऊन मिटली पाहिजे."

"शेत ना असा रस्ता," आप्पा म्हणाले. शेत म्हणजे त्यांच्या बोलीत 'आहेत'. "तळोदाना वर डोंगरमा जीप एक रस्ताघाई जास, दुसराघाई येस. तू तळोदाना ना रे?"

मी त्या सहा जागांचा स्वतंत्र नकाशा काढायला घेतला. दोन महिने लागले.

मावशींना हा सगळा प्रकार मुळीच आवडत नसे. "आयुष्यभर लाल डबा," त्या म्हणत, "आते हाऊ काया डबा. मन्हा वाटाले डबाज उना." लाल डबा म्हणजे एसटी, आणि काया म्हणजे काळा डबा हा कॉम्प्युटर. त्या प्रकाशाकडच्या, नदीकाठच्या. आप्पांची ड्यूटी कधी संपेल याचा भरवसा नसल्याने, लग्नानंतर अर्धे आयुष्य ताट झाकून बसण्यात गेले, असे त्या माझ्या बायकोला सांगत. रागाने नव्हे, मोजमाप सांगावे तसे.

नदीचा प्रश्न असा होता. सगळे थांबे करून आप्पा नदीवर पोचत तेव्हा गुण होत दीडशे. तिथे पडदा सांगे: समोर रुंद नदी आहे, काठावर एक खांब आहे, पलीकडे अंधार. पोहायला गेले की बुडत. दोर टाकला की वाहून जाई. खांब हलवून पाहिला, हाका मारून पाहिल्या. आप्पांना एवढे नक्की कळले होते की खांब आहे म्हणजे इथे नाव लागते. म्हणून तीस वर्षे ते नावेला सांगत होते, 'स्टॉप'. 'स्टॉप बोट.' 'स्टॉप हिअर.' एकदा तर पाटीवरचे जसेच्या तसे, 'रिक्वेस्ट स्टॉप'. मशीन दर वेळी म्हणे, इथे नाव दिसत नाही. आणि कंदिलातले तेल संपे, पडदा काळा होई, खेळ खलास. खेळ मधेच जतन करून ठेवायची सोय होती, पण त्यासाठी फ्लॉपीवर लिहावे लागे, आणि जुन्या फ्लॉपीवर लिहायचे म्हणजे ती गमावायची, या भीतीने आप्पांनी ती कधी वापरली नाही. प्रत्येक वेळी चौकीपासून सुरुवात.

मग दोन वर्षांपूर्वीच्या माघात सुरतहून मुलाचा फोन आला. मावशींच्या गुडघ्यांचे ऑपरेशन तिथे ठरले होते, आणि त्यानंतर दोघांनी तिथेच राहायचे. निघायचे पुढच्या गुरुवारी, सकाळच्या सव्वासातच्या गाडीने. मुलगा म्हणाला, जागा लहान आहे, तो जुना डबा भंगारात द्या. मावशींनी मान डोलावली. "तो सुरतले येवाव नही," त्या म्हणाल्या. "तो उना ते मी आठेच ऱ्हास." म्हणजे तो आला तर त्या इथून हलणार नव्हत्या.

संध्याकाळी आप्पा जिन्यात भेटले, माझा हात धरला आणि म्हणाले, "आठ दिन शेत. तेव्हढामा नदी पार व्हवाले पाहिजे. पलीकडे काय शे ते माले एकदा दखनं शे." फलाटभर आवाजाचा माणूस हे कुजबुजत बोलला, म्हणून मी कार्यालयातून रोज चारला घरी यायचे ठरवले. गावोगावच्या मोजणीचा आमचा कॅम्प दौरा तेव्हा नव्हता, आणि सकाळी मी तासभर आधी जाऊन वेळ भरून देत होतो. हे नमूद करतो.

शनिवारी आम्ही नदीवर अडकून बसलो होतो. मावशी शेजारच्या खाटेवर कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"काय करी ऱ्हायनात इतली येळ?" त्यांनी विचारले.

"थांब म्हनी ऱ्हायनू," आप्पा म्हणाले.

"कोनले?"

"नावले."

"नाव दिसस का तठे?"

"नही."

मावशींनी घडी खाली ठेवली. "मंग जी उनीच नही तिले थांब कसं म्हनतस? पहिले ती येवाले नको? आम्हना गावले नाव हाक मारीसन येत नव्हती. काठवर बसनं पडे. वाट दखा ना तिनी."

"ते बी करं," आप्पा चिडून म्हणाले. "'लुक रोड' टाकं व्हतं. तो म्हनस काहीच दिसत नही."

मी ताडकन उठलो. खुर्ची मागे पडली. थांबा! मराठीत गाडीही थांबते आणि माणूसही थांबतो. आप्पांच्या डोक्यात चाळीस वर्षे पाटीवरचा एकच अर्थ बसला होता, थांबा म्हणजे स्टॉप. आणि मी, शेजारी बसून सहा वर्षे नकाशातल्या दिशा मोजत होतो, शब्द एकदाही मोजले नव्हते.

"आप्पा, 'वेट' टाका. डब्ल्यू, ए, आय, टी."

"वेट? ते ते प्याशिंजरनं काम शे," आप्पा म्हणाले. नियंत्रक वाट पाहत नाही, तो गाड्या सोडतो. पण त्यांनी एका बोटाने ती चार अक्षरे दाबली.

मशीनने ते नाकारले नाही. त्याने उत्तर दिले: टाइम पासेस.

"काय म्हनस तो?" मावशी.

"टाइमपास."

"मंग खरंच म्हनस," मावशी म्हणाल्या. "तीस वरीस तेच ते करी ऱ्हायनात."

पण आप्पांचे डोळे चमकत होते. तीस वर्षांत नदीकाठी पहिल्यांदाच नवी ओळ आली होती. त्या दिवशी कंदिलात तेल उरले नव्हते. रविवारी आम्ही पुन्हा चौकीपासून निघालो, आणि मी पहिल्यांदा प्रत्येक आज्ञा मोजली. कंदील बरोबर दोनशे चाळीस आज्ञा टिकतो. आप्पांच्या मार्गाने नदीवर पोचायला दोनशे एकवीस लागतात. उरल्या एकोणीस. आम्ही एकोणीस वेळा 'वेट' टाकले. एकोणीस वेळा टाइमपास. मग अंधार.

"नाव येते," मी म्हणालो. "फक्त उशिरा येते. आपल्याला लवकर पोचावं लागेल."

हे वाक्य आप्पांना कोणत्याही औषधापेक्षा जास्त लागू पडले असेल. ते उठले, कपाटातून फूटपट्टी आणि लाल पेन्सिल काढली, आणि म्हणाले, "वेळापत्रक नवं करूत."

सोमवारचा सगळा दिवस त्यांनी त्यावर घालवला. मी आलो तेव्हा ओसरीवर तीन फूट लांब तक्ता पसरला होता. आप्पा प्रत्येक मोठ्या थांब्यावर पोचल्यावर 'लुक' टाकत, कारण फलाटावर गाडी लागली की ती नीट बघायची ही सवय. वर्णन तर आपोआपच येते. त्या अकरा आज्ञा उडवल्या. दोर आणायला ते विहिरीवर दोनदा जात, त्या सहा वाचल्या. जंगलात माझ्या नकाशाने आणखी सहा वाचवल्या. तेवीस झाल्या. दोनशे एकवीसच्या जागी एकशे अठ्ठ्याण्णव.

"आणि म्हातारीची झोपडी," मी म्हणालो. "तिला भाकरी द्यायला आडवाटेने जाता. नऊ आज्ञा. गुण शून्य."

"तिना थांबा सोडाना नही."

"आप्पा, तिच्याकडून काही मिळत नाही. मी तपासलंय."

"ती म्हनस ती भूकी शे. लिखेल शे तठे."

"ती खरी नाही!"

"तुले कोनी सांगं?" आप्पा म्हणाले. "आडगावले एकच प्याशिंजर ऱ्हास. म्हनीसन गाडी जात नही का?"

नऊ आज्ञा! पण पेन्सिल त्यांच्या हातात होती. झोपडी राहिली.

मंगळवारी फ्लॉपी चाललीच नाही. यंत्र नुसते घरघरले आणि थांबले. आप्पा तिला पदराने पुसावे तशी धोतराने पुसत होते. मावशींनी त्यांच्या हातातून ती घेतली, तांदळाच्या डब्यात ठेवली आणि झाकण लावले. "सादळेल शे. सकायलोंग ऱ्हावू द्या." तांदळाने काही होते की नाही मी सांगू शकत नाही. पण बुधवारी चार वाजता ती चालली.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण लिहिले 'घरगुती काम'. हे खरे की खोटे यावर मी कार्यालयाच्या जिन्यात दोन मिनिटे उभा होतो. त्या आठवड्यात आमच्या भागातली वीज पाचला जात होती. म्हणजे साठ मिनिटे, दोनशे चाळीस आज्ञा. मिनिटाला चार. आप्पा एका बोटाने टाइप करत. मी म्हणालो, मी टाइप करतो. ते म्हणाले, "स्टिअरिंग एकनाच हातमा."

मी तक्त्यावरून मोठ्याने वाचायचे, ते दाबायचे, असे ठरले. चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही विहिरीवर होतो, चार वीसला बाजारात. झोपडीपाशी आप्पांनी भाकरी दिली आणि, देवाशपथ, एक क्षण मान लववली. मी दात आवळून नऊ रेघा मारल्या. जंगल माझ्या नकाशाने एकही चूक न होता पार पडले. मोजणी बंद झाली! चार सत्तेचाळीसला, एकशे अठ्ठ्याण्णवाव्या आज्ञेला, आम्ही नदीकाठी उभे होतो.

कंदिलात बेचाळीस.

वेट. टाइमपास. वेट. टाइमपास. पंधरा झाले. वीस झाले. मावशी घड्या घालायच्या थांबल्या. पंचवीस. आप्पांच्या कानशिलावरून घाम उतरत होता आणि बोट मात्र घड्याळासारखे चालले होते. तिसाव्याला मी म्हणालो, "झोपडी सोडली असती तर बेचाळीसच्या जागी एक्कावन्न असत्या."

"चूप बठ," मावशी मला म्हणाल्या. "नाव अशी बोलीसन येत नही." आणि त्या खाटेवरून उतरून, गुडघे दुखत असताना, पडद्यासमोर येऊन बसल्या.

पस्तीस. छत्तीस. घड्याळात चार छप्पन्न. सदतीस, अडतीस. एकोणचाळीसला मी डोळे मिटले.

चाळीसाव्याला आप्पांचे बोट थबकले. ओळ लांब होती. मी वाचली: धुक्यातून एक नाव हळूहळू येते आणि खांबाला लागते.

"उनी!" मावशी ओरडल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. त्या आमच्या तोंडांकडे पाहत होत्या.

उरल्या होत्या दोन आज्ञा आणि तीन मिनिटे. आणि आप्पा काय करत होते? ते भिंतीवरचे घड्याळ पाहून तक्त्यावर नावेच्या आगमनाची वेळ लिहीत होते! "आप्पा, बसा नावेत!" मी किंचाळलो. त्यांनी वेळ लिहिली, खाली सही केली, आणि मग 'बोर्ड बोट' टाकले. दोनशे एकोणचाळीस.

नाव हलली. पडदा म्हणाला: तुम्ही पलीकडच्या काठावर उतरता. पहाट होत आहे, आता कंदील लागणार नाही. उत्तरेला एक रस्ता जातो आणि त्याच्या टोकाला एक गाव दिसते. गुण एकशे साठ.

मला जरा वाईटच वाटले. मी समजलो होतो की नदी म्हणजे शेवट. इतक्या मेहनतीला फक्त दहा गुण, आणि उरलेल्या नव्वदांसाठी वेळ नाही. मी आप्पांकडे पाहिले. ते उभे राहिले होते, आणि खोलीच्या काचा थरथरतील अशा आवाजात म्हणाले,

"प्रवाशांनी लक्ष द्यावे! गाडी पुढे जाणार आहे! पुढे गाव शे रे भो! आखो गाव शे!"

वीज गेली. पाचला दोन मिनिटे होती. कोणालाही त्याचे काही वाटले नाही. आप्पा हसत होते, मी हसत होतो. मावशी मात्र काळ्या पडद्याकडे पाहत होत्या.

"गावमा कोन ऱ्हास?" त्यांनी विचारले.

"काय माहित," आप्पा म्हणाले.

गुरुवारी सव्वासातच्या गाडीत कॉम्प्युटर होता. पुढच्या सीटवर, गोधडीत गुंडाळलेला. आप्पांनी कंडक्टरला सांगून त्याचे सामानाचे तिकीट फाडून घेतले. फ्लॉप्या मावशींच्या पिशवीत होत्या, तांदळाच्या डब्यात. मुलाला काय सांगणार असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तो मन्हा डबा शे म्हनीसन सांगसू." गाडी सात चौदाला सुटली. आप्पा खिडकीतून घड्याळ दाखवत राहिले.

गेल्या रविवारी दुपारी फोन आला. ऑपरेशन केव्हाच नीट झाले, गुण एकशे ऐंशी झाले, आणि आता ते गावातल्या एका बंद दारापाशी अडकले होते.

"'ओपन' टाकं, 'पुश' टाकं, काहीच नही. तुन्ही मावशी म्हनस, कोनाना घरमा असाच घुसतस का, पहिले दार वाजाडा. मी 'नॉक' टाकं. तो म्हनस असा शब्दच नही."

"कसं टाकलंत?"

"एन, ओ, सी, के."

"आप्पा, त्याच्या आधी के लागतो."

"के कोठे आयकू येस?"

"येत नाही. पण असतो."

"तू थांब," आप्पा म्हणाले.

मी फोन कानाला लावून वाट पाहिली. पाच अक्षरे आणि एंटर, सहा खटके मी मोजले. मग मावशींचा आवाज आला, मागून पण स्पष्ट,

"उघडनं! आते चपला काढा पहिले."